उथळ पाण्याचे शास्त्र : पाणथळ जागांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जी जमीन वर्षातील निदान काही काळ पाण्याखाली असते, किंवा पाण्याने इतकी भिजलेली असते की तिच्या मातीतील हवा हुसकली जाते आणि अशा हवाहीन मातीत तग धरू शकणाऱ्या वनस्पतीच तिच्यावर वाढतात, ती पाणथळ जागा होय. या व्याख्येत पाणी, माती आणि वनस्पती असे तीन घटक येतात. पण त्या तिघांपैकी पाण्याची साक्ष सर्वांत बेभरवशाची, कारण दख्खनच्या पठारावरील अनेक उथळ तळी मे महिन्यात कोरडी ठणठणीत पडतात आणि तेथे पाणथळ होती हे मातीचा रंग व काठच्या लव्हाळ्याचे वाळके झुबके पाहूनच ओळखावे लागते. उन्हाळ्यात पाहणीला आलेल्या माणसाला ती जागा पडीक वाटते, नोंदही तशीच होते, आणि पुढे तेथे भराव पडला तर काही गमावले असे कोणालाच वाटत नाही. विद्यार्थ्यांना पाणथळ जागांची ओळख करून देताना मूळ अडचण हीच आहे, की ज्या गोष्टीचे स्वरूपच ऋतूंप्रमाणे बदलते ती एका भेटीत, एका छायाचित्रात किंवा एका नकाशात सापडत नाही.

कायद्याच्या आणि करारांच्या व्याख्या पाहिल्या तरी हीच अडचण वेगळ्या रूपात समोर येते. इराणमधील रामसर या कॅस्पियन समुद्राकाठच्या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी जो आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ज्यात भारत १९८२ मध्ये सामील झाला, त्याने पाणथळीची व्याख्या फार सढळ हाताने केली : नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमची असो वा हंगामी, पाणी वाहते असो वा साचलेले, गोडे असो वा खारे, एवढेच नव्हे तर ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा खोल नसलेला किनारी समुद्रही तिच्यात बसतो. भारत सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनी मात्र नदीपात्रे, भातखाचरे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठागरांसाठी, करमणुकीसाठी व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही वजाबाकी लहान नाही. येथील बेसाल्टच्या पठारावर मोठी नैसर्गिक सरोवरे जवळपास नाहीतच. लोणारचे खारे, अल्कधर्मी सरोवर आहे, तेही आकाशातून आदळलेल्या पिंडामुळे झालेल्या विवरातले. बाकी बहुतेक पाणथळी माणसाने बांध घालून अडवलेल्या पाण्याच्या काठाने तयार झाल्या आहेत. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने उपग्रहचित्रांवरून तयार करून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय नकाशासंग्रहानुसार भारतात सुमारे १ कोटी ५२ लाख हेक्टर पाणथळ क्षेत्र आहे आणि त्यात सव्वादोन हेक्टरांहून लहान अशा साडेपाच लाखांवर जागाही येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ज्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचा आदेश दिला, त्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या होत्या. गावाच्या शिवेवरची डबकी, शाळेमागचे तळे आणि ओढ्याकाठची चिखलाची पट्टी, म्हणजे विद्यार्थ्याला चालत जाऊन पाहता येईल असे जे काही आहे, ते त्या संख्येत मावत नाही.

माणसाने बांधलेल्या पाण्यातून पाणथळ कशी घडते याचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कडवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीच्या पाण्यासाठी बंधारा बांधण्यात आला. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवून कालव्यांत वळवायचे, एवढाच त्याचा हेतू होता. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला, पात्र उथळ झाले, गाळाची बेटे वर आली, त्यांवर पाणकणीस आणि लव्हाळा माजला, आणि अभियंत्याच्या हिशेबाने जो तोटा होता तोच पक्ष्यांच्या पथ्यावर पडला. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले आणि पुढे रामसर यादीत समाविष्ट होणारे हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आल्या, आणि गोव्यातील कुडचड्याजवळचे नंदा तळेही २०२२ मध्ये त्या यादीत गेले. धरणांत गाळ साचणे वाईट, असे एका धड्यात शिकलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या धड्यात त्याच गाळाची ही दुसरी बाजू दिसली पाहिजे, कारण परिस्थितिकीत एखादी घटना कोणासाठी चांगली आणि कोणासाठी वाईट हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

परिस्थितिकी म्हणजे सजीवांचे एकमेकांशी आणि त्यांच्या भोवतालच्या निर्जीव घटकांशी असलेले संबंध अभ्यासणारे शास्त्र. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये योजले, तर एखाद्या जागेतील सर्व सजीव आणि त्यांची माती, पाणी, हवा, प्रकाश यांना मिळून एकच व्यवस्था मानणारी परिसंस्थेची संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये मांडली. पाठ्यपुस्तकात या संकल्पना व्याख्यांच्या रांगेत येतात आणि परीक्षेनंतर त्याच रांगेने निघून जातात. नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर चापडगावच्या बाजूला हिवाळ्यात दुर्बीण घेऊन उभे राहिले, तर त्यांतील एक संकल्पना तरी डोळ्यांना दिसते : एकाच पाण्यात राहणाऱ्या जातींनी अन्न वाटून घेण्याची रीत. काठच्या ओल्या चिखलावर तुतवार शेपटी हलवत किडे टिपतो. वीतभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चालतो. त्याहून खोल भागात चमचा हा पक्षी आपली चपटी, टोकाला पसरट चोच अर्धवट उघडून पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत राहतो आणि चोचीला काही लागले की ती मिटतो. थापट्या बदकाच्या फावड्यासारख्या चोचीच्या कडांना बारीक दात्यांची झालर असते, तिच्यातून तो पाणी गाळून सूक्ष्म जीव खातो. तलवार बदक डोके खाली, शेपूट वर करून तळातल्या वनस्पती उपटते. मुग्धबलाकाच्या चोचीच्या दोन भागांमध्ये मधोमध फट असते आणि गोड्या पाण्यातील मोठ्या गोगलगायी शंखातून बाहेर काढणे हा त्याचा व्यवसाय. त्यापलीकडे खोल पाण्यात पाणकावळे बुड्या मारतात. पायांची लांबी आणि चोचीची घडण यांवरून प्रत्येकाला पाण्याची एक ठरावीक खोली नेमून दिलेली आहे, आणि म्हणून पाणथळीतील पाणी हातभर वाढले किंवा घटले की पक्ष्यांची यादीच बदलते. जलाशय काठोकाठ भरलेला असताना चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना तेथे जागाच नसते. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यात भिगवणजवळ रोहित पक्षी दिसू लागतात ते पाणी ओसरून उथळ पट्टे उघडे पडल्यावरच.

यावरून पाणथळीविषयीचा सर्वांत महत्त्वाचा नियम हाती लागतो. तिचे जीवन पाण्याच्या साठ्यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते पाण्याच्या चढउतारावर अवलंबून असते. पावसाळ्यात पाणी काठावर चढते तेव्हा बुडालेले गवत कुजून सूक्ष्म जीवांचे अन्न होते, मासे त्या उथळ, उबदार पाण्यात अंडी घालतात आणि पिलांना लपायला बुडालेली झुडपे मिळतात. हिवाळ्यापासून पाणी उतरू लागले की उघड्या पडणाऱ्या ओल्या पट्टीवर बी रुजते, किडे-अळ्या वर येतात, मध्य आशियाई उड्डाणमार्गाने आलेले पाहुणे पक्षी त्यांवर पोसतात, आणि माणूसही मागे राहत नाही. पाणी हटेल तशी मागोमाग पेरत जाण्याची गाळपेराची शेती महाराष्ट्रातील धरणांच्या काठांवर चालते. हीच पट्टी वर्षभर बुडवून ठेवली किंवा वर्षभर कोरडी ठेवली, तर तीत यातले काही उरत नाही. शहरांतील तलावांच्या सुशोभीकरणाचे आराखडे काढणाऱ्यांना हे कोणी शिकवलेले दिसत नाही. काठ खोदून सरळ उभा करायचा, त्याला दगडी पिचिंग करायचे, वर फरसबंद पायवाट आणि दिवे लावायचे, मध्ये कारंजे बसवायचे, म्हणजे तलाव वाचला, अशी समजूत रूढ झाली आहे. अशा तलावात पाणी शिल्लक राहते. पाणथळ शिल्लक राहत नाही.

पाण्याखालच्या मातीत काय घडते हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित, पण बहुधा सर्वांत रोचक भाग आहे. पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतील वेगाच्या सुमारे दहा हजारपट कमी असतो. त्यामुळे बुडालेल्या मातीतील जीवाणू तेथला ऑक्सिजन काही दिवसांतच संपवतात आणि वरून तो पुरेसा येत नाही. मग ज्या जीवाणूंना ऑक्सिजनवाचून श्वसन करता येते ते पुढे सरसावतात : काही नायट्रेट वापरतात, काही लोह, काही सल्फेट, आणि तेही संपल्यावर मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. काठावरच्या चिखलात काठी खुपसल्यावर जे बुडबुडे येतात त्यांत हाच मिथेन असतो, आणि खाडीच्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो सल्फेटपासून झालेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. लव्हाळ्याचा एक ठोंब मुळासकट उपटून पाहिला तर राखाडी-काळ्या चिखलात मुळांभोवती तांबूस, गंजासारखे अस्तर दिसते. झाडाने पानांतून आत घेतलेली हवा खोडातील पोकळ्यांमधून मुळांपर्यंत पोचवलेली असते, तिच्यातील थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपतो आणि मातीतील लोह तेथे गंजते. कमळाचा देठ आडवा कापला तर याच पोकळ्या नुसत्या डोळ्यांना दिसतात. त्या देठाचे एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकले की बुडबुडे येतात, आणि सातवी-आठवीच्या वर्गात एवढा प्रयोग पुरेसा होतो. कोकण आणि गोव्याच्या खाड्यांमधील तिवराच्या झाडांनी हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला असून त्यांची श्वसनमुळे चिखलातून सरळ वर येतात. प्राण्यांमध्ये मरळ आणि शिंगी हे मासे पाण्यातील ऑक्सिजन कमी पडला की पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात.

या हवाहीन मातीमुळेच पाणथळीची दोन मोठी कामे घडतात. नायट्रेटवर जगणारे जीवाणू त्याचे रूपांतर नायट्रोजन वायूत करून तो हवेत परत सोडतात. विनायट्रीकरण या नावाने पाठ्यपुस्तकातील नायट्रोजन चक्रात जो बाण दाखवलेला असतो तो प्रत्यक्षात चालतो तो बहुतांशी अशा जागी, आणि शेतांतून वाहून आलेल्या खताचा काही भाग त्यामुळे नदीत जाण्यापूर्वीच नाहीसा होतो. दुसरे काम कर्ब साठवण्याचे. ऑक्सिजनवाचून कुजण्याची क्रिया मंदावते, वनस्पतींचे अवशेष साचत राहतात. पृथ्वीच्या जमिनीपैकी सुमारे तीन टक्के भूभागावरील पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर, जगातील मातीत असलेल्या कर्बाचा जवळजवळ एकतृतीयांश भाग धरून आहेत. मात्र पाणथळ जागा मिथेनचा सर्वांत मोठा नैसर्गिक स्रोत आहेत, हेही विद्यार्थ्यांपासून लपवू नये. पाणथळीचे गुण सांगताना तिची जाहिरात करण्याचा मोह शैक्षणिक लेखनात फार आढळतो, आणि त्याने शास्त्राचे नुकसान होते.

ऊर्जेच्या प्रवाहाची कल्पना तर पाणथळ सरोवराच्याच अभ्यासातून स्पष्ट झाली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर बॉग नावाचे एक लहान, उथळ, दलदलीने भरत चाललेले तळे आहे. रेमंड लिंडमन या तरुण संशोधकाने तेथील वनस्पती, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तळातील किडे आणि मासे यांची वर्षानुवर्षे मोजदाद केली आणि ऊर्जा एका पोषणपातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाताना किती उरते याचा हिशेब मांडला. त्याचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला होता, कारण त्यांच्या मते त्यात सिद्धांत फार आणि पुरावा थोडा होता. पुढे येल विद्यापीठातील इव्हलिन हचिन्सन यांच्या पाठिंब्याने तो १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याच वर्षी, निबंध छापून येण्यापूर्वी, लिंडमन वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. शालेय पुस्तकांतील दहा टक्क्यांचा प्रसिद्ध नियम त्याच्या नावाने सांगितला जातो; प्रत्यक्षात सीडर बॉगसाठी त्याने काढलेले आकडे शाकाहारी पातळीला १३.३ टक्के आणि तिच्या वरच्या पातळीला २२.३ टक्के असे होते. दहा हा लक्षात ठेवायला सोयीचा, ढोबळ आकडा आहे. प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा मोठा भाग श्वसनात आणि उष्णतेत खर्च होतो हे तत्त्व त्याने बदलत नाही, आणि तळ्यात शेवाळ मणांनी असते तर माशांवर जगणारे खंड्ये बोटांवर मोजण्याइतके का, याचे उत्तरही त्यातच आहे.

पोषकद्रव्ये हवीत तेवढीच असली तर पाणथळ समृद्ध होते. ती अति झाली की सुपोषणाची क्रिया सुरू होते, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अतिरेकाने पाण्यात शेवाळ व तरंगत्या वनस्पती बेसुमार वाढतात. नाशिक शहराचे सांडपाणी, साखरपट्ट्यातील मळ्यांत पडणारी खते आणि वरून येणारे पाणी हे सगळे गोदावरी नांदूर मध्यमेश्वरकडे घेऊन येते, त्यामुळे जलपर्णीचा उपद्रव हे त्या स्थळासमोरचे एक संकट मानले जाते. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, तिच्या गालिच्याखाली प्रकाश पोचत नाही, आणि कुजणाऱ्या पानांना ऑक्सिजन लागत असल्याने मासे गुदमरतात. हिरवे पडलेले तळे दुपारी ऑक्सिजनने भरलेले असते, कारण शेवाळ प्रकाशसंश्लेषण करत असते. रात्री तेच शेवाळ श्वसन करून तो संपवते, म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे, आणि लोकांना वाटते की रात्री कोणी विष टाकले. दरवर्षी लाखो रुपये खर्चून जलपर्णी काढली जाते आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा येते, कारण सांडपाणी तसेच येत असते. कारण आणि लक्षण यांतला फरक शिकवायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

माणसाला वगळून पाणथळीचे शास्त्र शिकवता येत नाही, हे विदर्भाच्या पूर्वेकडील तलावांइतके दुसऱ्या कशातून स्पष्ट होत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजवटीपासून हजारो तलाव आणि बोड्या बांधल्या गेल्या. त्या कामात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे आणि नवेगाव बांध हा त्याचा मोठा नमुना. भाताला पाणी, गुरांना पाणी आणि ढीवर समाजाला मासे अशी त्यांची वाटणी होती, आणि पाळ, सांडवा, गाळ यांची देखभाल गावच करत असे. १९५० नंतर मालगुजारी, म्हणजे महसूलवसुलीची जुनी पद्धत, संपली, तलाव शासनाकडे गेले, देखभालीची जुनी घडी विस्कटली आणि नवी नीट बसली नाही. काही तलावांत बेशरम ही उपद्रवी वनस्पती माजली, देशी माशांना आसरा देणाऱ्या पाणवनस्पती कमी झाल्या. अलीकडे त्याच भागातील ढीवर स्त्रियांनी बेशरम उपटून, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरून, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते हे त्यांना ठाऊक होते आणि शास्त्रीय नावे नंतर जुळवता आली. गोंदियाच्या याच पट्ट्यात सारस क्रौंच भातखाचरांत घरटी करतात. वर सांगितलेल्या २०१७ च्या नियमांच्या भाषेत भातखाचर ही पाणथळ नव्हे आणि सिंचनासाठी बांधलेला तलावही नव्हे. सारसाने तो नियम वाचलेला नाही.

खाजण जमिनींची गोष्टही अशीच, पण तिचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. गोव्यात भरतीचे पाणी बांधाने अडवून आणि मानशीच्या लाकडी दारांनी आत-बाहेर सोडून एकाच जमिनीत पावसाळ्यात कोरगूट हा खारटपणा सोसणारा भात आणि इतर काळात मासे घेण्याची जी पद्धत गावकऱ्यांनी शतकानुशतके चालवली, ती पाण्याच्या चढउताराचे शास्त्र वापरात आणल्याचे उदाहरण म्हणून पुरेशी आहे. उलट बाजूला मुंबई आहे. खाड्या आणि खारजमिनी बुजवून वाढलेल्या या शहरात २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याला पसरायला पूर्वीची जागा उरलेली नव्हती.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व शैक्षणिक स्तरांवर पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवण्यास सांगितले. त्यानुसार विषय आला, गुण आले, प्रकल्पवह्या आल्या. त्या वह्यांत २ फेब्रुवारीच्या जागतिक पाणथळ दिनाची चित्रे चिकटवली जातात. त्यांत गैर काही नाही, पण चित्र चिकटवण्याने काठ दिसत नाही. ज्या शाळेच्या आसपास एखादे तळे, बोडी, खाडी किंवा ओढ्याची दलदल आहे, तिला वर्षभराचा अभ्यास हाताशी आहे. पाण्यात रोवलेल्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या बांबूवर दर आठवड्याला पातळी वाचायची. त्याच दिवशी पाण्याची कड कोठवर आली आहे ते खुंटी ठोकून नोंदवायचे. कडेवरच्या वनस्पती आणि त्या आठवड्यात दिसलेले पक्षी लिहायचे. चहाच्या गाळणीने तळातला चिखल चाळून त्यातील किडे मोजायचे. तळ्यावर मासे धरणाऱ्या आणि गुरे चारणाऱ्या माणसांकडून गेल्या वीस-तीस वर्षांत पाणी कोठपर्यंत येई, कोणते मासे नाहीसे झाले, सांडपाण्याचा नाला केव्हा जोडला गेला, हे विचारून त्याच वहीत उतरवायचे. २०१७ च्या नियमांनुसार एखादी जागा पाणथळ म्हणून अधिसूचित करण्यापूर्वी राज्याच्या प्राधिकरणाने तिची हद्द, तिच्यावर परिणाम करणारे भोवतालचे क्षेत्र आणि तिचे परिस्थितिकीय स्वरूप सांगणारा संक्षिप्त दस्तऐवज तयार करायचा असतो. त्या दस्तऐवजासाठी पाण्याच्या ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या बदलांची माहिती लागते, आणि लहान तळ्यांच्या बाबतीत ती गोळा करायला शाळेइतके नियमित तेथे कोणीच जात नाही.